कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकायची, पण कुठे? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात सुभाषनगरात आमच्या घरी चप्पल बनते. सासरे तळ कापतात, सासूबाई पट्ट्यावरची चामड्याची वेणी घालतात, आणि ऑनलाइनचं सगळं काम माझ्याकडे आहे. ओळखीतल्या कारागिरांचे, त्यांच्या शिकलेल्या मुला-मुलींचे फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतेय. उदाहरणं चपलेची आहेत, पण साज, घोंगडी, लाकडी खेळणी असं काहीही हातानं बनवून विकणाऱ्यांना यातला हिशेब उपयोगी पडेल.

सगळ्यात चांगला मार्केटप्लेस कोणता?

मार्केटप्लेस म्हणजे ॲमेझॉन, मीशो यांसारखी ऑनलाइन बाजाराची साइट. सगळ्यात चांगली अशी एक नाही. मी फोन करणाऱ्याला उलट तीन गोष्टी विचारते. एका जोडीमागे तुमच्या हातात किती पडायला हवेत? महिन्याला किती जोड्या एकसारख्या बनवून देऊ शकता? आणि दहा जोड्यांतल्या तीन परत आल्या तर तुमचं घर तग धरेल का? या तीन उत्तरांवर जागा ठरते. ज्याची जाहिरात जास्त दिसते तिथे खातं उघडायचं, असं करू नका.

कमिशन सगळ्यात कमी कुठे आहे ते बघून ठरवलं तर?

बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहिते.

समजा जोडीची विक्री किंमत १,२०० रुपये आहे आणि बनवायला, मजुरी धरून, ६५० रुपये लागतात. खालचे दर मी समजण्यासाठी धरलेत. तुम्ही हिशेब कराल त्या दिवशीचे दर त्या-त्या साइटच्या फी-कॅल्क्युलेटरमध्ये बघा, कारण ते वारंवार बदलतात.

१,२०० मध्ये ५ टक्के जीएसटी आत धरलाय, तो साधारण ५७ रुपये. कमिशन १२ टक्क्यांनी १४४. ठरावीक फी ४०. कुरिअर ११०. या तिन्हींची बेरीज २९४, आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५३. खोका, कागद, टेप मिळून ३०. सगळं वजा केलं की ७६६ उरतात. त्यातून ६५० काढले की ११६.

म्हणजे जोडीमागे ११६ रुपये मिळतात? नाही. आता परत येणारा माल धरा. दहापैकी दोन जोड्या परत आल्या आणि प्रत्येकीमागे जायचं-यायचं भाडं आणि पॅकिंग मिळून २७० रुपये गेले, तर आठ जोड्यांचे ९२८ मिळाले आणि ५४० गेले. उरले ३८८. दहा जोड्यांवर वाटले तर जोडीला ३९ रुपये सुद्धा पडत नाहीत. नियमित जीएसटी नोंदणी असेल तर ते ५३ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून (आपण भरायच्या जीएसटीतून वजा होऊन) मिळतात, पण मी ते या हिशेबात मुद्दाम धरलेले नाहीत. परत आलेल्या जोडीचा पट्टा ताणलेला असेल, ती नवी म्हणून विकता येत नसेल, तर तेही यात नाही.

आता याच हिशेबात कमिशन १२ वरून १० टक्के करून बघा. जोडीमागे २४ रुपये आणि त्यांवरचा जीएसटी वाचतो, आठ जोड्यांचे मिळून साधारण २२७. आणि कमिशन तेच ठेवून परतावा दोनवरून एकवर आणला तर? नऊ जोड्यांचे १,०४४, त्यातून २७० गेले, ७७४ उरले. कमाई थेट दुप्पट. म्हणून मी कमिशनच्या आधी परताव्याकडे बघते. तुमचा माल जिथे कमी परत येतो, ती तुमची जागा.

मीशोवर कमिशन शून्य आहे. मग तिथेच का विकू नये?

मीशोने २०२१ पासून विक्रेत्यांकडून कमिशन घेणं बंद केलं, हे खरं आहे. पण तिथलं गिऱ्हाईक किंमत बघून घेतं आणि कॅश ऑन डिलिव्हरी जास्त असते. ‘कोल्हापुरी’ असं शोधलं की रेक्झिनच्या, दोन-तीनशे रुपयांच्या चपला समोर येतात. त्यांच्या शेजारी तुमची बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची १,२०० ची जोडी ठेवली तर फोटोत फरक कळत नाही, किंमतीत मात्र लगेच दिसतो.

कुणाकडे बायकांची साधी, हलकी, चारशे-पाचशेतली चप्पल असेल, एकसारखी शंभर-दोनशे जोडी निघत असेल, तर मीशो जरूर करून बघावं. कापशी किंवा कुरुंदवाडीसारखी जड, कामाची चप्पल तिथे न्यायला मी सांगणार नाही.

बाकीच्यांनीही स्वस्त मालावरचं कमिशन कमी केलंय. ॲमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या अनेक प्रकारच्या मालावरची रेफरल फी, म्हणजे कमिशन, काढली, आणि त्याच वर्षी फ्लिपकार्टनेही १,००० रुपयांखालच्या मालासाठी शून्य कमिशन आणलं. त्यामुळे ‘शून्य’ हा शब्द वाचून हुरळून जाऊ नका. ठरावीक फी, कुरिअर आणि परतीचं भाडं विचारा.

ॲमेझॉन की फ्लिपकार्ट?

सुरुवातीला दोन्हींपैकी एकच. नाव शोधून येणारं, परीक्षणं वाचणारं, १,०००-१,५०० रुपये द्यायची तयारी असलेलं गिऱ्हाईक आम्हाला ॲमेझॉनवर जास्त भेटलं. आमच्या ओळखीच्या एका घराचा अनुभव बरोबर उलटा आहे. हातमागवाले आणि हस्तकलावाले यांच्यासाठी ॲमेझॉनची ‘कारीगर’ आणि फ्लिपकार्टची ‘समर्थ’ अशा योजना आहेत. नोंदणी करताना आपण कारागीर आहोत हे सांगून त्यांची चौकशी करा. फोटो काढून देणं, खातं लावून देणं अशी मदत त्यातून मिळू शकते.

मिंत्रा किंवा अजिओ?

या फॅशनच्या साइट. तिथे ब्रँड लागतो, सगळ्या साइझमध्ये भरपूर स्टॉक लागतो. एका घरातल्या दोन-तीन कारागिरांना ते झेपत नाही. दहा-बारा घरं एकत्र येऊन एका नावानं माल काढत असतील तर विचार करा.

जीएसटी नंबर नसताना ऑनलाइन विकता येतं का?

येतं, पण फक्त आपल्या राज्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही सवलत आहे. उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या खाली असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर काढायचा, आणि त्या नंबरावर मार्केटप्लेसवर माल विकायचा. मुख्य अट: माल राज्याबाहेर जाता कामा नये.

ही अट आपल्याला जरा जास्तच बोचते. कोल्हापुरातून साडेआठशे किलोमीटरवरच्या नागपूरला जोडी पाठवता येते, पण तासाभरावरच्या निपाणीला नाही. बेळगाव नाही, पणजी नाही. बेंगळुरू-हैदराबादची ऑर्डर तर विसराच. तरीही मी नव्या माणसाला हाच रस्ता सांगते. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक आधी सांभाळून बघा, सहा महिन्यांत अंदाज येतो, मग पूर्ण नोंदणी करा. आणि हा नंबर सगळ्या साइट स्वीकारतात का ते आधी विचारून घ्या.

पूर्ण नोंदणी केल्यावर मार्केटप्लेस तुमच्या पैशांतून जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्का आणि प्राप्तिकराचा टीडीएस ०.१ टक्का कापतो, म्हणजे कर आधीच कापून सरकारकडे भरतो. (वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीनं पॅन किंवा आधार दिलं असेल तर टीडीएस कापला जात नाही.) १,२०० च्या जोडीवर ही रक्कम सहा-सात रुपये होते आणि ती तुमच्या खात्यात जमा दिसते, बुडत नाही. पण रिटर्न वेळेवर भरली नाहीत तर ती तशीच पडून राहते.

चपलेवर जीएसटी किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीला ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. आधी १,००० च्या वर गेलं की १८ लागत होते. हजार-दीड हजाराची हाताची चप्पल विकणाऱ्यांना हा मोठा आधार मिळालाय. कुणाच्या लिस्टिंगवर (साइटवरच्या मालाच्या पानावर) अजून जुना दर राहिला असेल तर आजच बदला.

साइझमुळे फार माल परत येतो. काय करायचं?

आमचाही यायचा. कोल्हापुरी नवी असताना अंगठ्यात आणि कानाशी (बाजूच्या चामड्याच्या पट्टीशी) घट्ट बसते आणि चार-सहा दिवसांत पायाचा आकार घेते. हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण गुरुग्रामच्या गिऱ्हाइकाला माहीत नसतं. ते पाय घालतं, बोटं आवळतात, ‘साइझ लहान’ लिहून परत पाठवतं.

आम्ही तीन बदल केले. पहिला, फोटो. जोडीच्या शेजारी स्टीलची फूटपट्टी ठेवून तळाचा फोटो काढला, टाचेपासून टोकापर्यंत किती सेंटीमीटर ते स्पष्ट दिसेल असा. दुसरा, मोजायची पद्धत. वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मारा आणि लांबी मोजा, हे लिस्टिंगच्या चौथ्या चित्रात हिंदी आणि इंग्रजीत लिहिलं. तिसरा बदल सगळ्यात साधा आणि सगळ्यात उपयोगी ठरला. खोक्यात वरच एक चिठ्ठी: ‘पहिले दोन दिवस घरातच घाला. घट्ट वाटलं तर आतल्या बाजूनं थोडं एरंडेल तेल लावा. पाण्यात घालू नका.’ चिठ्ठीला जोडीमागे एक रुपयासुद्धा लागत नाही. ‘साइझ लहान’ म्हणून येणारी पार्सलं त्या हंगामात निम्म्यावर आली.

जागा निवडताना हेही बघा की लिस्टिंगमध्ये स्वतःचा साइझचा तक्ता टाकता येतो का, आणि परताव्याऐवजी साइझ बदलून द्यायची सोय आहे का.

परत आलेल्या खोक्यात आपला मालच नसेल तर?

हे आमच्या बाबतीत झालंय. एक खोका परत आला, वरून सगळं जसंच्या तसं. आत झिजलेली रबरी स्लीपर. आम्ही भरपाईचा दावा टाकला, साइटवाल्यांनी पुरावा मागितला, आमच्याकडे व्हिडिओ नव्हता, दावा फेटाळला. सासूबाई ती स्लीपर हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या होत्या, कारण गेलेल्या जोडीची वेणी घालायला त्यांना दीड दिवस लागला होता.

तेव्हापासून नियम ठरलाय. परतीचं प्रत्येक पार्सल मोबाइल स्टँडला लावून उघडायचं. आधी लेबल आणि ट्रॅकिंग नंबर दाखवायचा, मग टेप कापायची, मग आतला माल दोन्ही बाजूंनी. मध्ये व्हिडिओ तोडायचा नाही. पाठवतानाही जोडीचा आणि वजनकाट्याचा एक फोटो. दावा करायची मुदत प्रत्येक साइटवर वेगळी आणि बरीच कमी असते, म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी उघडा. खातं उघडण्याआधी दाव्याचे नियम वाचा. मी आता कमिशनच्या तक्त्याआधी तेच पान उघडते.

कुरिअरचे पैसे जोडीच्या वजनापेक्षा जास्त का लागतात?

कारण वजन दोन प्रकारे धरतात. एक खरं वजन, दुसरं खोक्याच्या आकारमानाचं, आणि जे जास्त भरेल ते लावतात. आकारमानाचं काढायला लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. बुटाचा खोका ३२ × २० × ११ चा असेल तर १.४ किलो भरतं. जोडी असते ७०० ग्रॅमची, आणि भाडं लागतं दीड किलोचं.

कोल्हापुरीला उंच टाच नसते, ती चपटी असते, हा आपला मोठा फायदा आहे. एकावर एक उलटी ठेवली की ३० × १३ × ८ च्या खोक्यात बसते. याचं वजन ६२४ ग्रॅम निघतं, म्हणजे खऱ्या वजनाच्या आतच. शाहूपुरीत किंवा तुमच्या गावाजवळ जो कुणी पुठ्ठ्याचे खोके करून देतो, त्याच्याकडून मापाचे शंभर करून घ्या. गोंडा दबू नये म्हणून त्याच्याखाली कागदाची गुंडाळी ठेवा.

माल त्यांच्या गोदामात ठेवावा का?

डिलिव्हरी लवकर होते, विक्री वाढते. पण ते गोदाम तुमच्या जीएसटीत व्यवसायाची जादा जागा म्हणून दाखवावं लागतं, आणि गोदाम दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याची वेगळी नोंदणी लागते. भाडं असतंच.

चपलेच्या बाबतीत मला पावसाळ्याची जास्त भीती वाटते. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं दमट हवेत पांढरी बुरशी धरतं. घरी आम्ही जून ते सप्टेंबर जोड्या दर आठवड्याला काढून पुसतो, वारा देतो. गोदामात हे कोण करणार? उन्हाळ्यात, लग्नसराईत जो माल महिनाभरात निघून जाणार आहे तेवढाच ठेवा, आणि मे संपायच्या आत उरलेला परत मागवा.

लिस्टिंगमध्ये ‘जीआय’ लिहिता येतं का?

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क, आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. पण जिल्ह्यात राहतो म्हणून आपोआप जीआय लिहिता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. मानांकन महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाकडे, म्हणजे लिडकॉमकडे, आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळाकडे, म्हणजे लिडकरकडे, संयुक्त आहे. लिडकॉमने २०२५ मध्ये चपलेसाठी क्यूआर कोडही आणला.

ही नोंदणी करून घ्या असं मी हात जोडून सांगते. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल दिसली, आधी कोल्हापूरचं नावही नव्हतं. त्यानंतर जो आवाज उठला तो उठवता आला, कारण कागदावर मानांकन होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकरबरोबर करार केला, २,००० जोड्यांचा, जोडी सुमारे ८०० युरोंची. ऑनलाइन दुकानातही तसंच आहे. रेक्झिनच्या चपलेला कुणी ‘अस्सल कोल्हापुरी’ म्हणत असेल तर तक्रार करायला तुमच्या हातात कागद हवा.

स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्क वेगळा. एका वर्गासाठी व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे. विक्री बसल्यावर करा, पहिल्या दिवशी नको.

ओएनडीसी म्हणजे आणखी एक मार्केटप्लेसच ना?

नाही. ओएनडीसी म्हणजे ‘ओपन नेटवर्क फॉर डिजिटल कॉमर्स’, ते जाळं आहे. तुम्ही एका विक्रेता ॲपमधून माल चढवता आणि तो अनेक ग्राहक ॲपवर दिसतो. सरकारच्या पुढाकारानं २०२१ च्या शेवटी त्याची कंपनी स्थापन झाली. खर्च कमी पडू शकतो. पण तक्रार कुणाकडे करायची, परतीचं भाडं कुणाच्या माथी, हे विक्रेता ॲपप्रमाणे बदलतं, म्हणून त्या ॲपचे नियम वाचा. मी याला दुसरी जागा मानते, पहिली नाही. बचत गटातल्या बायकांनी राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाचं उमेद मार्टही बघावं.

परदेशात विकायचं असेल तर?

हाताच्या वस्तूंसाठी एट्सी ही परदेशी साइट मला सगळ्यात जुळणारं वाटतं. तिथलं गिऱ्हाईक हातानं केलेलंच शोधत येतं, दोन जोड्यांच्या रंगात किंचित फरक असला तर समजून घेतं. एका लिस्टिंगला ०.२० डॉलर, ते चार महिने चालतं, आणि विक्रीवर, पाठवायच्या खर्चासकट, ६.५ टक्के. पैसे घ्यायची फी त्याखेरीज.

त्याआधी डीजीएफटीकडून (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून) आयात-निर्यात कोड काढा, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत करायला विसरू नका. जीएसटीत एलयूटी (हमीपत्र) भरलं की कर न लावता माल पाठवता येतो. पाठवायला पोस्टाचं डाकघर निर्यात केंद्र उत्तम, कागदपत्रं तिथेच ऑनलाइन होतात.

अमेरिकेचं मात्र जपून. २९ ऑगस्ट २०२५ पासून तिथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली शुल्कमाफी गेली. पोस्टाची सेवा मध्ये थांबली होती, ती १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झाली, आता शुल्क बुकिंगलाच भरावं लागतं. किंमत ठरवायच्या दिवशी त्या दिवसाचा दर विचारा. लंडन, दुबई, सिंगापूरकडे आपली मराठी माणसंही भरपूर आहेत. गणपती आणि दिवाळीच्या दीड महिना आधी त्यांच्या ऑर्डरी सुरू होतात, तेव्हा माल तयार हवा.

व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर विकता येतं, मग मार्केटप्लेस कशाला?

जुनं गिऱ्हाईक सांभाळायला व्हॉट्सॲपसारखं काही नाही. कमिशन नाही, पायाचं माप फोटोतून मागवता येतं, परतावा जवळजवळ नसतोच. पण नवं, अनोळखी गिऱ्हाईक पैसे आधी पाठवायला कचरतं. मार्केटप्लेसवर ते निर्धास्त असतं. आमच्याकडे महागड्या, मापानं बनवलेल्या जोड्या व्हॉट्सॲपवर आणि ठरलेल्या तीन डिझाइन मार्केटप्लेसवर, असं वाटून घेतलंय.

लेबलवर घरचा पत्ता द्यावाच लागतो का?

बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, नग किंवा जोडी, साइझ, महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल हे पाकिटावर असावंच लागतं. बायकांना फोन नंबराची काळजी वाटते, ती रास्त आहे. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या.

एक एजंट पैसे घेऊन खातं चालवून देतो म्हणतोय.

खातं, बँक, पॅन, ईमेल आणि ओटीपीचा मोबाइल तुमचाच ठेवा. फोटो काढून देण्याचे, लिस्टिंग लिहून देण्याचे पैसे द्यायला हरकत नाही. पासवर्ड देऊ नका.

पैसे किती दिवसांनी येतात?

डिलिव्हरीनंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी. पण कातडं रोखीनं घ्यावं लागतं, मजुरी शनिवारी द्यावी लागते. म्हणून सुरुवातीला दीड महिन्याचा माल आणि मजुरी हाताशी ठेवा.

एकाच वेळी किती ठिकाणी विकावं?

एक. आमच्याकडे आठ नंबरची एकच जोडी शिल्लक होती आणि एका रात्रीत ती दोन ठिकाणी विकली गेली. एक ऑर्डर रद्द करावी लागली आणि खात्याचं रेटिंग महिनाभर खाली गेलं. पहिल्या ठिकाणी शंभर ऑर्डरी होऊ द्या. रोज संध्याकाळी वहीत चार रकाने भरा: गेली, पोचली, परत आली, हातात पडले. शंभराव्या ऑर्डरीला चौथ्या रकान्याची बेरीज करा आणि परत आलेल्यांची कारणं वाचा. मग दुसरी जागा उघडायची का, तेव्हा फोन करा.